दिवसा टाकलेली बाज

मी बाज. बाभळीच्या चार पायांची, केकताडाच्या, म्हणजे घायपाताच्या, दोरीनं विणलेली, कासुर्डीच्या अलीकडच्या धनगरवस्तीवरची. लोखंडी कॉटच्या जमान्यात माझं कोण ऐकणार म्हणा. पण दुपारची वेळ आहे, लिंबाच्या सावलीत पडून आहे, आणि बोलल्याशिवाय मला राहवत नाही. मध्येच कुरकुरले तर मनावर घेऊ नका, लाकूड जुनं झालंय.

मला घडवलं ज्योतिबानं. पाय आणि दांड्या त्यानं सुताराकडून करून आणल्या, पण विणली स्वतः. बांधावरची केकताडं कापली, खड्ड्यातल्या पाण्यात कुजवली, दगडावर झोडपून वाख काढला आणि मांडीवर वळून त्याची दोरी केली. तोवर या घरात बाज नव्हती. मेंढरांमागं वर्षातले आठ महिने हिंडणारी माणसं ती. जिथं अंधार पडेल तिथं घोंगडी अंथरायची. पुढं मेंढरं विकली, थोड्या रानाला पाणी आलं, विटांच्या दोन खोल्या झाल्या. तेव्हा ज्योतिबा बायकोला म्हणाला, "आता आपुन येका जागंला बसलो. घरात बाज पायजे."

या घराची पहिली बाज मी. त्याचा मला फार तोरा होता, अजूनही आहे.

ज्योतिबाची बायको बानूबाई. तिला मात्र माझं कधी कौतुक वाटलं नाही. ती घोड्याच्या पाठीवर संसार बांधून चाललेली बाई. एका पोराला डोंगरात जन्म दिला आणि चौथ्या दिवशी वाड्याबरोबर, म्हणजे मेंढरांच्या तांड्याबरोबर, चालायला लागली, असं ती स्वतःच सांगायची. दिवसा आडवं पडणं तिला ठाऊकच नव्हतं. उजाडलं रे उजाडलं की ती मला उचलून भिंतीला उभी करायची. पाहुणा आला तरच खाली टाकायची. दिवसा टाकलेली बाज दिसली की वस्तीवरची माणसं दोनच गोष्टी समजतात, एक तर घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलंय, नाहीतर घरातली सून आळशी आहे. बाळंतपण सोडून बाईनं दिवसा बाजेवर पाठ टेकायची नाही, हा बानूबाईचा कायदा. तो तिनं स्वतः पाळला होता, म्हणून तिच्यापुढं कुणाला बोलता यायचं नाही.

मग बन्सीचं लग्न झालं आणि अनिता घरात आली. बन्सी हा ज्योतिबाचा मुलगा, कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला जाणारा. अनिता पाबळकडची. हसरी, पायात चाकं लावल्यासारखी सगळीकडं पळणारी. तिच्या दुसऱ्या बाळंतपणात ती माझ्यावर निजली. खाली शेगडी, शेगडीत ओवा नि बाळंतशेपा, खोलीची दारं लावलेली. त्या धुरानं झालं की तिच्या अंगातच होतं, देव जाणे, पण तिथून तिला दमा लागला. जमिनीवर आडवी झाली की धाप लागायची. ज्योतिबा त्याच सुमाराला गेला होता. बन्सीनं मग रात्रीपुरती मला अनिताला देऊन टाकलं. मला माणूस वजनानं कळतो. त्या काळात ती बसूनच झोपायची, मागं उशा लावून, आणि श्वास घेताना तिची पाठ इतकी ताणली जायची की माझी दोरी करकरायची.

बाजारच्या दिवशी एक डॉक्टर यायचा. खरा होता की नुसता बॅगवाला, ते मला ठाऊक नाही. त्यानं बारीक पांढऱ्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून दिल्या. दुसऱ्याच दिवशी अनिता आडवी झोपली. किती महिन्यांनी. बन्सीनं त्या डॉक्टरला हात जोडले, मला हात असते तर मीही जोडले असते. गोळी घेतली की दमा पळायचा, थांबवली की परत यायचा. म्हणून थांबवलीच नाही. एक वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं, त्याहून जास्त.

तिचं तोंड गोल झालं, गाल वर आले. शेजारची अनसाबाई कौतुकानं म्हणायची, "बानूबाई, सून चांगली अंगानं भरली की तुझी." बानूबाईही सुखावायची. सासरी खाऊपिऊ घालतात हे लोकांना दिसत होतं ना. मला मात्र वेगळंच कळत होतं. वजन वाढलेलं, पण हातापायाच्या काड्या झालेल्या. नुसता कडबा लागला तरी हातावर काळानिळा डाग पडायचा. उठताना ती माझ्या दांडीचा आधार घ्यायला लागली, आणि तेव्हा तिला तिशीही लागली नव्हती.

दोन हजार साल लागलं तेव्हा खोकला वाढला म्हणून बन्सी तिला दौंडला छातीच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेला. परत आला तो माझ्यावरच येऊन बसला आणि आईला सगळं सांगितलं.

"त्या म्हनल्या, ह्या गोळीनं हाडं ठिसूळ व्हत्यात, साखर वाढती. ती सोडायची हाय. पर येकदम न्हाई. आपल्या अंगात ताकदीचं कायतरी आपलं आपुन तयार व्हत असतंय म्हनं. इतकी वर्सं बाहेरनं गोळी मिळाली, म्हून अंगानं ते बनवायचंच सोडलं. आता तोडली तर जिवावर बेतंल. हळूहळू कमी करायची, म्हंजी अंग परत कामाला लागंल. दम्याला पंप दिलाय. पर तवर थकवा लई येनार. दुपारचं पडायला सांगितलंय."

"थकवा कुनाला येत न्हाई?" बानूबाई म्हणाली.

"आन् एक ध्यानात ठिवा," बन्सी म्हणाला, "गोळी उपाशीपोटी न्हाई घ्यायची. खाऊनच. ह्ये त्यांनी दोनदा सांगितलंय."

हे वाक्य घरातल्या तिघांनीही नीट लक्षात ठेवलं. डॉक्टरीणबाईंचा शब्द मोडायचा नाही असं त्यांनी मनापासून ठरवलं होतं.

गोळी कमी व्हायला लागली. दोनाची दीड, दिडाची एक. अर्धी करायची असली की अनिता सासूचा अडकित्ता घ्यायची आणि सुपारीसारखी ती गोळी कातरायची. चुरा झाला तर बोटानं टिपून घ्यायची. आणि जसजशी गोळी लहान होत गेली, तसतशी ती माझ्यावर जड होत गेली.

थकवा मी पुष्कळ पाहिलाय. कांदे काढून आलेला, खुरपून आलेला, रात्रपाळी करून आलेला. ते माणूस पडतं, घोरतं, उठतं. हा थकवा तसला नव्हताच. सकाळी ती काठावर बसायची, पाय खाली सोडून. आता उठायचंच असं तिनं ठरवलेलं मला कळायचं, कारण तळवे दांडीवर दाबले जायचे. पण उठणं व्हायचं नाही. रात्रभर झोपूनही ती रानातून आल्यासारखी दमलेली असायची. सांधे दुखायचे, अन्नावर वासना नसायची, आणि कुणी काही न बोलताच डोळ्यांत पाणी यायचं. मला त्या बाईची कीव यायची आणि माझ्या चार पायांचा राग यायचा, कारण ते काही कामाचे नव्हते.

ती हटली नाही, हेही सांगते. तिनं तिच्या रीती काढल्या. दोन भाकऱ्या थापायच्या, भिंतीला टेकायचं, परत दोन थापायच्या. हंडा सोडून कळशीनं पाणी आणायचं. धुणं एकदम न काढता आज पातळं, उद्या पोरींची कापडं. सकाळी जरा बरं वाटायचं, तेवढ्यात जड कामं उरकायची. पण दुपारी बाराच्या पुढं तिच्यातलं सगळं संपायचं, आणि तेव्हा मी भिंतीला उभी असायचे.

"आत्याबाई, बाज टाकू का जरा?" तिनं एकदा विचारलं होतं.

"कुनी पावनं येनार हायेत का?"

"न्हाई. मला... जरा पडावं वाटतंय."

"पडावं तर मला बी वाटतंय गं," बानूबाई म्हणाली. ती रागावली नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. पण अनितानं परत कधी विचारलं नाही. कडब्याच्या गंजीमागं पोतं टाकून ती तिथं पडायची, कुणाच्या नजरेस येऊ नये म्हणून पाय पोटाशी घेऊन. मी इकडं रिकामी उभी. उन्हानं दोरी वाळायची आणि मला स्वतःची लाज वाटायची.

एकदा तिनं बन्सीचा हात धरला. "आवं, एक दिस दोन घिऊ द्या ना. फकस्त एक दिस. म्या सगळं रान खुरपून दाखवते."

"आन् दुसऱ्या दिशी?"

"दुसऱ्या दिशी नगं."

"अनिता, तुला बी ठावं हाय, तसं न्हाई व्हत ते," बन्सी म्हणाला आणि गोळ्यांची पट्टी खिशात घालून कामाला गेला. तो चुकीचा नव्हता. पण तिला त्या दिवशी कुणीतरी बरोबर असण्यापेक्षा जवळ असायला हवं होतं.

मार्गशीर्ष आला. आमच्या घरी खंडोबाचं सहा दिवसांचं नवरात्र असतं, शेवटच्या दिवसाला चंपाषष्ठी, आमच्याकडं सट म्हणतात. घट बसतो, माळ चढते, आणि घरातल्या दोन्ही बायका उपास धरतात. दिवसभर काही नाही, दिवे लागल्यावर भगर नाहीतर रताळं, ते पण थोडंसं. भाकरी थेट सटीलाच, वांग्याच्या भरिताबरोबर.

पहिल्या दिवशी सकाळी अनितानं पट्टी हातात घेतली आणि थांबली. "खाऊन घ्यायची म्हनल्यात. आज तर खायाचं न्हाई."

बन्सीनं विचारलं, "संध्याकाळी फराळ झाल्यावर?"

"फराळ म्हंजी जेवान व्हय?" बानूबाई म्हणाली. "रिकाम्या पोटात ती इखावानी जाईल. डॉक्टरनीचं ऐकायचं तर नीट ऐका. सट हुईस्तवर ऱ्हाऊ द्या. सा दिसांचाच खाडा, तोडायची थोडीच हाय? कमीच करायची हाय न्हवं का?"

तिघांनाही ते पटलं. एवढी वर्षं ते बाजारच्या डॉक्टरवर विसंबले होते, आणि आता पटलेल्या डॉक्टरीणबाईंचा शब्द ते पाळायला निघाले होते. पट्टी देव्हाऱ्याच्या कोनाड्यात गेली.

पहिले दोन दिवस निभले. तिसऱ्या दिवशी तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. उपासाचं पित्त, असं सगळे म्हणाले. पुढच्या दिवशी ती उठून उभी राहिली की डोळ्यांपुढं अंधारी यायची. त्या दुपारी बन्सी कंपनीत, पोरी शाळेत आणि बानूबाई मळ्यात कांद्याची पात आणायला गेलेली. अनिता भिंत धरत धरत माझ्यापाशी आली. दोन्ही हातांनी माझा पाय धरला आणि खाली ओढायला लागली.

मी किती जड आहे? एरवी ती मला एका हातानं हलवायची. त्या दिवशी मी जागची हलले नाही. बाजेला आपणहून आडवं होता येत नाही, एवढंच माझं दुःख मला सांगायचंय. तिनं परत जोर लावला, मग नुसतीच माझ्या दोरीला गाल टेकवून उभी राहिली, आणि तशीच घसरत घसरत खाली बसली, मग कलंडली. अंग गार, घामानं भिजलेलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

बानूबाई आली तेव्हा पातीची जुडी तिच्या हातातून तिथंच पडली. तिनं मला एका हिसक्यानं खाली टाकलं, सुनेला काखेत हात घालून माझ्यावर ओढून घेतलं आणि वस्तीला हाका मारल्या. चौघांनी मला खांद्यावर घेतलं. वाटेतल्या बायकांनी मला पाहून तोंडाला पदर लावले, काहींनी तर हातही जोडले. "जित्ती हाय ती," बानूबाई त्यांच्यावर खेकसली, "हात खाली घ्या." हमरस्त्यावर दुधाचा टेम्पो थांबवला आणि मला तशीच्या तशी आत ठेवलं.

दौंडला डॉक्टरीणबाई पायऱ्या उतरून टेम्पोपाशीच आल्या. नाडी धरली, डोळे पाहिले.

"शेवटची गोळी कधी घेतली?"

"घट बसल्यापास्नं न्हाई," बानूबाई म्हणाली.

"का? मी सांगितलं होतं ना, एक दिवसही चुकवायची नाही म्हणून?"

"उपास हाय बाई. उपाशीपोटी घिऊ नका म्हून तुमीच सांगितलं व्हतं."

डॉक्टरीणबाईंचा हात तिथंच थांबला. मग त्या माणसांवर ओरडल्या, आत घ्या, सलाईन लावा, इंजेक्शन काढा. अनिताला उचलून नेलं. मला ओट्यावर टाकलं, भर उन्हात. थोड्या वेळानं त्या बाहेर आल्या. "वाचेल," त्या म्हणाल्या. "अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. आजी, उपास असला तरी गोळी थांबवायची नाही, हे मी स्पष्ट बोलायला हवं होतं. माझ्या डोक्यातच आलं नाही."

"म्हंजी गोळी थांबली म्हून झालं ह्ये?"

"हो."

"आन् ती रोज म्हनायची पडावं वाटतंय, ते बी ह्याच्यामुळंच?"

"तिच्या अंगात त्राणच नव्हतं, आजी. ती इतके दिवस कामं कशी करत होती तेच नवल."

बानूबाई माझ्या काठावर बसली. दिवसाउजेडी, चार माणसांसमोर. मग हळूच पाय वर घेतले आणि कुशीवर वळून तिनं पदर तोंडावर ओढला. इतक्या वर्षांत तिचं वजन मला प्रथमच कळलं. फार हलकी होती ती. पदराखाली ती सारखी एकच म्हणत होती, "म्या थांबवली गं, म्या थांबवली."

अनिता घरी आली, पण गोळी परत वर चढली होती. जिथपर्यंत ती उतरून आली होती, ते सगळं पाण्यात गेलं. "परत पयल्यापास्नं," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं. त्यासारखं वाईट मी काही ऐकलेलं नाही.

दुसऱ्या सकाळी बानूबाई नेहमीसारखी मला उभी करायला आली. अनिता घाईनं उठायला लागली. बानूबाईनं माझ्या पायाला लावलेला हात काढून घेतला आणि शेळी सोडायला निघून गेली. त्या दिवसापासून मी दिवसा खालीच असते. अनसाबाई आली आणि बघतच राहिली. "काय गं बानूबाई, दुपारची बाज? सुनंला दिस गेलेत का काय?"

"माझ्या पायाला कळ लागती. म्या टाकलीया," बानूबाई म्हणाली. अनसाबाईचा विश्वास बसला नाही, आणि बानूबाईला त्याची फिकीर नव्हती. पुढं वस्तीवर बोलणं झालंच. बानूबाईला म्हातारपणी आळस चढला असं लोक म्हणायला लागले. जिनं जन्मभर कुणाकडून तसं ऐकून घेतलं नव्हतं, तिनं ते ऐकून घेतलं.

पुढच्या वर्षी सटीचा घट बसला तेव्हा अनिता सकाळीच अंघोळ करून उपासाच्या तयारीनं बसली होती. संध्याकाळी फराळाबरोबर गोळी घेईन, असं तिनं ठरवलं होतं. बानूबाईनं तिच्यापुढं ताजी भाकरी आणि दूध आणून ठेवलं.

"आत्याबाई, देव..."

"देवाला सांगितलंय म्या. तुझा उपास औंदापास्नं माझ्याकडं."

"तुमचा तर हायेच की."

"मग दोन करीन. संध्याकाळचं फराळ बी सोडीन. तू खा आन् गोळी घे. देवाला राग आला तर माझ्यावर येईल, मी म्हातारीच हाय."

अनिता भाकरी मोडेना. तेव्हा म्हातारीनं पहिला घास स्वतःच्या हातानं तिच्या तोंडात घातला, घटासमोर, आणि सहाही दिवस घातला. स्वतः मात्र नुसत्या पाण्यावर राहिली. बन्सी दारात उभा राहून बघायचा आणि तोंड फिरवायचा.

आता त्याला अडीच वर्षं होऊन गेली. या खेपेला गोळी फार हळू उतरली. मध्ये दोनदा ताप आला, तेव्हा परत वर गेली, परत खाली आली. त्यात अनिताच्या केसांत पांढरं आलं, गालाची गोलाई गेली आणि ओढलेलं तोंड राहिलं. अनसाबाई म्हणते, सून वाळली. म्हणू दे.

माझंही काही खरं नाही. एक पाय किडलाय, उशाकडची दोरी दोनदा तुटली आणि नायलॉननं जोडलीय. बन्सीनं गादीसकट लोखंडी कॉट आणलीय. मी आज ना उद्या चुलीत जाईन, त्याचं मला फारसं वाटत नाही. पण आज नको.

आज अनिताचा बिनगोळीचा पहिला दिवस आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बघू या, अंग उठतंय का. कदाचित उठेल. कदाचित थोडी गोळी जन्मभर लागेल, आत्ताच सांगता येत नाही. ओकारी आली, चक्कर आली तर लगेच घेऊन या, आणि तोवर ही गोळी द्या, म्हणून एक पट्टी देऊन ठेवलीय. ती बानूबाईच्या कमरेला पिशवीत आहे. म्हातारी माझ्या पायथ्याशी बसलीय आणि सुनेचं पाऊल हातात धरून ते गार पडतंय का हे सारखं बघतेय. सकाळपासून तिनं पाणीसुद्धा घेतलेलं नाही, आणि आज कसलाही उपास नाही.

तुम्ही रस्त्यानं जाणारी माणसं. लिंबाखाली भर दुपारी टाकलेली बाज बघून तुमच्या मनात काय येतं ते मला ठाऊक आहे. काय बोलायचं ते बोला, पण जरा त्या बांधाच्या पलीकडं जाऊन बोला. ती आत्ता कुठं झोपलीय.